दोन धनुष्यं, एक पायवाट : जांबोटीकडच्या फेरीच्या नोंदी

11 ऑक्टोबर 2024, शुक्रवार, खंडेनवमी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, नाहीतर कुठल्या आठवड्यात काय केलं ते विसरतंय. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीकडं दाजींच्या घरी पूजेला पाटावर कोयता, विळे, माझ्या शॉपमधला व्हर्नियर, बुलेटची किल्ली आणि शेजारी शेजारी दोन धनुष्यं मांडली, माझं लाँगबो आणि दाजींचं कंपाउंड. ताई कुंकू लावत लावत कंपाउंडजवळ आली तसा दाजींनी कॅमवर, म्हणजे टोकाच्या चाकावर, हात धरला, "तिथं नको, बेअरिंगमध्ये जातंय, वर रायझरला, मधल्या दांड्याला लाव." माझ्या धनुष्याला तसलं काही नाही, बांबू आणि लाकूड एकत्र चिकटवलेली 68 इंची काठी, एक दोरी, आणि मूठ धरायला चामडं. 28 इंच ओढलं की हातावर 40 पौंडांचा जोर. दाजींचं 50 पौंडी, दोन चाकं, पीप म्हणजे दोरीतलं डोळा लावायचं छोटं भोक, नेम धरायला पाच पिनांचं साइट, हातात दोरी सोडायचं ट्रिगरवालं रिलीज.

दाजी मिलिटरीतून रिटायर होऊन गावाकडं आले तेव्हापासून आम्ही रविवारी सोबत बाण मारतोय, पण एकाच जागी उभं राहून, गवताच्या पेंढीवर. आता करायचंय ते वेगळं. त्यांचा माळ, मागची काजूची बाग आणि मधला ओहोळ धरून एक चालती फेरी बांधायची, फोमची जनावरं ठेवायची, आणि बाहेरच्या देशात दोघं मिळून धनुष्यानं शिकारीला जातात तसं जोडीनं चालायचं. जनावर तेवढं खोटं.

13 ऑक्टोबर, रविवार

जागा बघितली. सगळ्यात आधी जंगल कुठल्या बाजूला ते. भीमगड अभयारण्य 2011 ला जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर, आणि दाजींच्या शेतापासून काही फार लांब नाही, गवे तर भात खायला रात्री बांधापर्यंत येतात. म्हणून एकही बाण जंगलाच्या दिशेनं सुटणार नाही हे पहिलं. पाचही जागा अशा निवडल्या की मागं लाल मातीचा बांध किंवा चढ आहे. सहावी जागा दिसायला सगळ्यात भारी होती, ओहोळाच्या वळणावर, करंजाच्या सावलीत, पण मागं मोकळं, सोडून दिली. जीव लागला होता त्या जागेत.

उद्या सकाळी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सांगून येणार. धनुष्य घेऊन जंगलाकडेला फिरणारी दोन माणसं कुणी बघितली तर काय वाटेल ते आपल्याला कळायला पाहिजे. 1972 च्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, फास लावणं, हाकून नेणं, आमिष ठेवणं आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं सुद्धा शिकारच धरलेलं आहे. रानडुकरानं अर्धा एकर नाचणी उलथून टाकली तरी आपण अर्ज करायचा, बाण लावायचा नाही. दाजी यावर फार कडक आहेत आणि मी पण. आम्हाला मारायचं नाहीच, आम्हाला जवळ जायला शिकायचंय.

20 ऑक्टोबर, रविवार

फोमचं काम. तयार थ्रीडी जनावरं बाहेरून मागवायची तर एका डुकराच्या किमतीत आमची सगळी फेरी होते, म्हणून बेळगावच्या उद्यमबागमधून पॅकिंगचा पांढरा फोम आणला, शीट एकावर एक रचले, वरखाली प्लायवूड आणि चार कोपऱ्यांत थ्रेडेड रॉड घालून आवळले. बाण शीटच्या कडेवर बसायला पाहिजे, म्हणजे दोन थरांमध्ये घुसून घासून थांबतो. सपाट बाजूवर मारला तर भोक पडत जातं आणि महिन्यात त्याची चाळण होते. मग पावाच्या सुरीनं डुकराची पाठ, मान, सोंड कापली. एक डुक्कर, दोन भेकरं, एक ससा आणि एक नुसता गोल ठोकळा. रंग पाण्याचा.

दुपारी टेस्ट. माझा बाण 20 मीटरवरून वीतभर आत, ओढला की आला. दाजींचा पिसांपर्यंत गेला आणि तिथंच चिकटला, दोघांनी ओढला तरी हलेना. कार्बनचा बाण एवढ्या वेगानं घुसला की घासून गरम होतो आणि फोम त्याला धरून बसतो. शेवटी ताईनं आंघोळीचा साबण दिला, कोरडाच, बाणाच्या पुढच्या भागाला घासला की मग निघायला लागला. रॉडचे नट अजून दोन फेरे आवळले.

हिशोब मांडून बघितला, दाजींचा बाण वजनाला 350 ग्रेनचा (बाण ग्रेनमध्ये तोलतात) आणि माझा 500 चा, पण त्यांचा वेग इतका जास्त आहे की ऊर्जा माझ्या दुपटीच्या वर जाते. म्हणजे टार्गेट त्यांच्या धनुष्याच्या हिशोबानं बांधायचं. हे एक झालं.

27 ऑक्टोबर, रविवार

आज नुसतं मोजमाप. मोबाइल स्लो मोशनला टाकला, सेकंदाला 240 फ्रेम, 20 मीटरवर ठोकळा. माझा बाण सुटल्यापासून लागेपर्यंत 107 ते 110 फ्रेम, दाजींचा 59 ते 60. म्हणजे मी सेकंदाला 44 मीटरच्या आसपास आणि ते 80.

यातून जे निघालं ते मला घरी येऊन वहीत मांडल्यावर नीट कळलं. समजा समोरचं जनावर 25 मीटरवर आहे आणि मी अंदाज 20 चा केला, तर माझा बाण 30 सेंटिमीटरच्या वर खाली जाणार, म्हणजे डुकराच्या छातीऐवजी पायात किंवा मातीत. दाजींची तीच चूक झाली तर त्यांचा बाण नऊदहा सेंटिमीटर खाली, चार-पाच बोटं, तरी छातीतच. एकच चूक, एकच अंतर, आणि त्यांना माफ आहे मला नाही. दाजींना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग तू जवळ जा की." सोपं वाटतं ऐकायला.

10 नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. दोन आठवडे काही नाही, भातकापणी चालू, दाजींना उसंत नाही आणि मी पण एक दिवस विळा घेऊन वाकलो, पाठ अजून बोलतेय. संध्याकाळी खळ्यावर बसून खुंट तासले, तेवढंच.

24 नोव्हेंबर, रविवार

पहिली फेरी. सगळंच चुकलं, सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी सहा, दव एवढं की पँट गुडघ्यापर्यंत ओली. दाजी पुढं, मी मागं. पहिल्या पन्नास पावलांत माझे लाकडी बाण पाठीवरच्या भात्यात एकमेकांवर आपटून टक टक वाजायला लागले, दाजींनी वळून बघितलं. मग माझ्या धनुष्याचं वरचं टोक काजूच्या फांदीत अडकलं. साडेपाच फुटांच्या वर काठी घेऊन बागेतून वाकून जाणं आणि दाजींचं सव्वादोन-अडीच फुटांचं कंपाउंड अंगाशी धरून जाणं यात फरक आहे, ते कुठल्याही फांदीखालून जातात. पण त्यांचं वजन माझ्या दुपटी-तिपटीनं, चढावर त्यांचा खांदा भरून येतो.

डुक्कर दिसलं 27 मीटरवर (नंतर टेप लावून मोजलं). दाजींनी बसल्या जागी ओढलं आणि धरून ठेवलं. कंपाउंडची जादू इथंच आहे, चाकं फिरून पलीकडं गेली की 50 पौंडांतले 80 टक्के सुटतात आणि हातावर दहाच पौंड उरतात, माणूस धरून उभा राहू शकतो, श्वास घेऊ शकतो, वाट बघू शकतो. त्यांनी मला मानेनंच खुणावलं, तू पण ओढ. मी ओढलं. माझ्या हातावर पूर्ण 40. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत पाठ थरथरायला लागली आणि दाजी अजून पिन बसवतायत. मी सोडला, मातीत. मग दाजींनी सोडला, मध्यावर.

खरं जनावर असतं तर माझ्या पहिल्या बाणालाच उडालं असतं आणि दाजींच्या हातात ओढलेलं धनुष्य तसंच राहिलं असतं. बाहेर काजूखाली बसून चहा पिताना दाजी म्हणाले, "आपण दोघं एकत्र गेलो नाही रे, शेजारी शेजारी गेलो." मला ते लागलं, कारण खरं होतं.

आणि पिसं. दवानं सगळी पिसं भिजून दांडीला चिकटली, बाण शेपटी हलवत जायला लागला. दाजींच्या बाणांना प्लास्टिकच्या पात्या, त्यांना पाण्याचं काही नाही. मला त्या लावता येत नाहीत कारण माझा बाण थेट मुठीवरच्या खाचेवरून घासून जातो, पीस दबतं आणि निघून जातं, प्लास्टिक आपटून बाणाला धक्का देतं. घरी येऊन चहाच्या पातेल्यावर वाफ धरली, एकेक बाण फिरवत. चपटं झालेलं पीस वाफेत हळूच फुलतं, एकेक केस सुटा होऊन उभा राहतो, दोन मिनिटांत नवं. बायको बघत उभी होती, म्हणाली असलं काही मी आधी बघितलेलं नाही.

1 डिसेंबर, रविवार

दोन खुंटांची पद्धत करून बघितली. जागतिक थ्रीडी स्पर्धेत कंपाउंडवाल्यांना लाल खुंट असतो, जास्तीत जास्त 45 मीटर, आणि लाँगबोवाल्यांना निळा, जास्तीत जास्त 30. अंतर सांगत नाहीत, ज्याचं त्यानं ओळखायचं. प्रत्येक जनावराला दोन बाण, गुण 11, 10, 8, 5. आम्ही तसेच लाल-निळे खुंट ठोकले आणि खेळलो.

गुण छान आले, दाजींचे जास्त, माझे पण वाईट नाहीत. स्पर्धेला ही पद्धत न्याय्य आहे यात शंका नाही. पण आमचं काम झालं नाही. दाजी मागच्या खुंटावर, मी पुढच्या, ते मारेपर्यंत मी त्यांच्या मागं थांबायचं, मग मी पुढं जायचं आणि ते मागं. एकमेकांच्या बाणांचं कौतुक करायचं आणि पुढच्या जागेला निघायचं, जोडी अशी नाहीच.

8 डिसेंबर, रविवार

आज बाण हरवला. दाजींचा. चौथ्या जागेवर 31 मीटरवरून मारला, मधल्या काजूच्या कोवळ्या काडीला हलका घासला, तेवढ्यानं दिशा बदलली आणि बांधाच्या टोकावरून शेजाऱ्यांच्या वावरात. भात निघालंय, पुढच्या दोन दिवसांत तिथं मसूर पेरायला बैल येणार.

कार्बनचा बाण कुठं तरी तुटून पडलाय आणि त्याची कुसळं मातीत उभी आहेत, त्यावर बैलाचा पाय किंवा पेरणाऱ्या बाईचा तळवा, हा विचारच नको वाटतो. बाकीची फेरी बंद केली. आधी शेजारच्या काकांना जाऊन सांगितलं, न लपवता. ते रागावले नाहीत, "बघूया की, कुठं जातंय" म्हणून आमच्याबरोबर आले. दाजी गुडघ्यावर बसून धसकटांतून हात फिरवत होते, मी दाताळं घेऊन. बाण ज्या दिशेनं गेला त्याला आडवं दाताळं ओढायचं हे मला दाजींनी शिकवलं, उभं ओढलं तर बाणाच्या बाजूनं निघून जातं. बाण जमिनीला तिरका लागला की आत खोल जात नाही, पेंढ्याखाली आडवा सरपटत जातो आणि पूर्ण झाकला जातो. दोन तास. शेवटी काकांनाच सापडला, आम्ही शोधत होतो तिथून सतरा पावलं पुढं.

दाजींनी तो पुसला, दोन्ही टोकं धरून कानाजवळ नेऊन हलका वाकवला. कर्र असा बारीक आवाज आला, वाळलेलं पान चुरगळल्यासारखा. वरून काही दिसत नव्हतं. तसला बाण परत कंपाउंडवर चढवला तर सुटताना फुटून हातात घुसतो. त्यांनी तिथंच त्याची नॉक, म्हणजे दोरीत बसणारी मागची खाच, काढली, दांडीला लाल टेप गुंडाळला आणि घरी आणून मोडून ठेवला.

आजपासून नियम, फेरीच्या आधी बाण मोजायचे आणि फेरीनंतर मोजायचे, आणि आकडा जुळल्याशिवाय कुणी जेवायला जाणार नाही. दोघांचे बाण वेगळ्या भात्यात, माझी पिसं पिवळी, त्यांच्या पात्या हिरव्या. चुकून माझा लाकडी बाण त्यांच्या कंपाउंडवर चढला तर तो झेपणारच नाही, तुकडे होतील. दोघं दोन धनुष्यांचे असलो की ही काळजी एका धनुष्यापेक्षा जास्त घ्यावी लागते.

15 डिसेंबर, रविवार

बेळगावात अधिवेशनाचा बंदोबस्त. खानापूर रोडवर गाडी थांबवली, डिकीत माझी लांब पिशवी. "इदु एनु?", हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं बिल्लु-बाणा री, धनुष्यबाण, खेळाचं. उघडून दाखवलं, दोरी उतरवलेली, बाण वेगळ्या पाइपमध्ये. त्यांनी हातात घेतलं, वाकवून बघितलं, हसले, सोडलं. दोरी उतरवून न्यायची सवय लाकडासाठी आहे पण इथं पण उपयोगी पडली.

फेरीवर आज फांद्या तोडल्या. इथं एक गोष्ट ध्यानात आली जी मला कुणी सांगितलेली नव्हती. आम्हा दोघांना वाटेत मोकळी जागा वेगवेगळ्या उंचीवर लागते. 27 मीटरवर मारताना माझा बाण वाटेच्या मध्यावर सरळ रेषेपेक्षा दीड फूट वरून जातो, दाजींचा जेमतेम अर्धा फूट. त्यांच्या बाणाला कमरेएवढं झुडूप आडवं आलं की संपलं, माझा त्याच्यावरून जातो. पण वरची लोंबती फांदी त्यांना दिसत पण नाही आणि माझा बाण नेमका तिथं. इतके दिवस दाजी उभे राहून "मोकळं आहे, मार" म्हणायचे आणि मी फांदीत घालायचो, आणि मनातल्या मनात चिडायचो. ते त्यांच्या वाटेबद्दल बोलत होते. आज मी बसून बोटानं हवेत कमान काढून दाखवली, मग त्यांनी स्वतः कोयता घेऊन वरची फांदी काढली.

22 डिसेंबर, रविवार

पाऊस शिंतडला, अवेळी. फेरी नाही. घरात बसून दाजींना इशीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा माणूस, 1911 ला एकटाच डोंगरातून खाली आला. सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन त्याचा डॉक्टर आणि पुढं दोस्त झाला, त्याच्याकडून धनुष्य शिकला. इशीचं धनुष्य आखूड, जुनिपर लाकडाचं, पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवलेलं, दोरी अंगठ्यानं ओढायची, धनुष्य तिरकं अंगासमोर धरायचं, तेही बसून. पोप उभा राहून इंग्रजी पद्धतीच्या लांब धनुष्यानं, तीन बोटांनी. 1914 ला ते सगळे इशीच्या जुन्या डोंगरात गेले, दोन वर्षांत क्षयानं इशी गेला.

दाजींनी विचारलं, मग ते दोघं एकत्र मारायचे कसे. मी म्हटलं इशी डॉक्टरला आधी धनुष्य शिकवत नव्हता, जनावर शिकवत होता. वारा कुठून, कुठं बसायचं, ससा कसा आवाज काढून जवळ बोलवायचा. धनुष्य ज्याचं त्याचं. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कंपाउंड कुणी काढलं?" तेही अमेरिकेतच, मिसूरीत, हॉलेस विल्बर अ‍ॅलननं, 1969 ला पेटंट मिळालं. म्हणजे इशी गेल्यावर पन्नास-एक वर्षांनी. दाजींना वाटत होतं ते फार जुनं असेल.

आपल्याकडं कंपाउंड पोरांच्या हातात किती भारी बसलंय बघा, 2023 ला बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच ठिकाणी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत. हे मी दाजींना मुद्दाम सांगितलं, कारण त्यांना मधेमधे वाटतं की माझ्या धनुष्यापुढं त्यांचं म्हणजे मशीन, त्यात कसब नाही. मला तसं कधीच वाटलं नाही. कुणाला असं वाटू देणं पण बरोबर नाही.

5 जानेवारी 2025, रविवार

आज स्वतःला मोजलं, प्रामाणिकपणे. 20 सेंटिमीटरचा गोल, दहा बाण, पाच वेगवेगळ्या अंतरांवरून, थंड हातानं, सरावाचे बाण न मारता. 16 मीटरला दहातले आठ आत. 20 ला सहा. 25 ला तीन. म्हणजे माझं अंतर 16, त्याच्या पुढं मी आशेवर मारतोय. दाजींनी पण मोजलं, त्यांचं 35.

मग काजूखाली बसून ठरलं, दोघांचं अंतर 16. ज्याचं जवळचं त्याच्या अंतरानं दोघांनी जायचं. दाजी लगेच हो म्हणाले पण त्यांना किती अवघड जाणार आहे ते मला कळत होतं, ते 35 वरून मारू शकतात आणि उरलेले 19 मीटर नुसते माझ्यासाठी रांगत यायचे. वय 54, गुडघे मिलिटरीनं घासलेले.

12 जानेवारी, रविवार

जोडीची फेरी, नव्या पद्धतीनं. सगळे खुंट काढून टाकले. जनावरं ताईनं आणि भाचीनं आदल्या संध्याकाळी हलवून ठेवलेली, आम्हाला जागा माहीत नाही.

दाजी पुढं, कारण त्यांची नजर आणि अंतराचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला. मी डावीकडं दोन पावलं मागं, म्हणजे माझी लांब काठी त्यांच्या पाठीत लागत नाही आणि कुणाच्याच बाणासमोर कुणी येत नाही. भात्यात फडका कोंबलाय, आवाज बंद. जनावर दिसलं की ते मूठ वर करणार. मग बसायचं. मग ते बोटांनी अंतर दाखवणार, मी माझं दाखवणार, दोघांत दोन मीटरपेक्षा जास्त फरक असला तर मारायचं नाही, अजून जवळ जायचं.

आणि क्रम. आधी दाजी ओढणार, कारण ते धरून राहू शकतात. त्यांचं ओढून झालं की मी एका श्वासात ओढून सोडणार, थांबायचं नाही. माझा चुकला तर त्यांचा मागोमाग. माझा बरोबर लागला तर ते न सोडता उतरवणार. पहिल्यांदा उतरवताना दाजींचा हात खस्सकन पुढं गेला, कंपाउंड उतरवताना मधेच चाकं पलटतात आणि पूर्ण 50 पौंड एकदम हाताला येतात, बोट रिलीजच्या ट्रिगरपासून लांब ठेवलं नाही तर बाण कुठंही. बाण लावलेला ठेवूनच आणि बांधाकडं तोंड करूनच उतरवायचं. आठवडाभर घरी तेवढाच सराव करणार म्हणाले.

भेकरापर्यंत 15 मीटरवर पोचायला आम्हाला 26 मिनिटं लागली. दव, काटे, एक वारूळ वळसा घालून. मी सोडला, खांद्यामागं, बरोबर. दाजी ओढलेलेच होते. त्यांनी हळूहळू उतरवलं आणि जमिनीवर बसले, आणि माझ्या पाठीवर एक थाप मारली. मला वाटतं त्यांच्या स्वतःच्या कुठल्या बाणावर मी त्यांना एवढं खूश झालेलं बघितलेलं नाही.

वहीत एक नवा रकाना आखला, "न सोडलेले". आज दाजींचे 3, माझे 2.

2 फेब्रुवारी, रविवार

संक्रांतीनंतर पहिल्यांदा. आज धनुष्यं बदलून बघितली, ज्याचे बाण त्याच्याच धनुष्याबरोबर, ठोकळ्यावर, दहा मीटरवरून.

दाजींनी माझं ओढलं, हनुवटीजवळ आणून सवयीनं थांबले, कंपाउंडला शेवटी एक भिंत लागते ना तशी भिंत शोधत. भिंत नाही. वजन वाढतच जातंय. हात थरथरायला लागला, कपाळावर शीर आली, "अरे हे थांबतंय कुठं!" म्हणत सोडला. ठोकळ्याच्या वर बांधात. दुसऱ्यांदा न थांबता सोडला, तो लागला. मला म्हणाले, "नोव्हेंबरात मी तुला ओढायला सांगून बसवून ठेवलो होतो की रे." एवढंच म्हणाले.

मी त्यांचं ओढलं तेव्हा मधला डोंगर पार झाल्यावर एकदम सगळं हलकं झालं आणि मी घाबरलो, खरंच. पीपमधून बघितलं तर एक छोटा गोल आणि त्यात हिरवा ठिपका, बाकी जग गायब. मला वाटायचं की त्यांना सगळं दिसतंय. धनुष्य ओढल्यावर दाजींना आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून बाजूनं गाय आली, पोर आलं, तर ते बघणं माझं काम. हे आजच्या आधी मला माहीत नव्हतं आणि दोन महिने मी त्यांच्या शेजारी नुसता उभा राहत होतो. आजपासून ते ओढतील तेव्हा मी पूर्ण वाट बघून "मोकळं" म्हणणार, मगच.

16 फेब्रुवारी, रविवार

पाचही जनावरं, दोन तास चाळीस मिनिटं. सोडलेले बाण 6, लागलेले 5. न सोडलेले 9. तिसऱ्या जागेवर डुक्कर 14 मीटरवर होतं, वाट मोकळी, दाजी ओढलेले, मी "मोकळं" म्हणायच्या आधी उजव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. काकांचं वासरू. दावं तोडून आलेलं. मी "थांबा" म्हटलं, दाजींनी डोळा पीपमधून न काढता, वळून न बघता, काय झालं न विचारता उतरवलं. मग विचारलं काय होतं.

ससा आधी आमच्या दोघांच्या नजरेतून सुटला, त्याच्यापासून चार पावलांवरून पुढं गेलो. भाची मागून हसत होती, तिनं तुळशीच्या कुंडीमागं ठेवलेला.

23 फेब्रुवारी, रविवार

या मोसमातलं शेवटचं. गवत वाळून कडक झालंय, चाललं की आवाज येतोच, आणि वणव्याचे दिवस, फोम बाहेर ठेवणं बरोबर नाही. उन्हानं डुकराची पाठ पिवळी पडून भुगा सुटतोय. सगळी जनावरं ट्रॉलीतून घरी आणली, डुकराच्या छातीचा मधला ठोकळा काढून बघितला, दाजींच्या बाणांनी एवढा मऊ झालाय की बोट आत जातंय. पावसाळ्याआधी नवा भरायचा, या वेळी 30 सेंटिमीटरऐवजी 40. चौथी जागा पूर्ण बदलायची, शेजारच्या वावराकडं तोंड नको.

बाण मोजले. माझे 12 होते, 11 आहेत, एक बांधातल्या दगडावर मोडला, दोन्ही तुकडे जवळ आहेत. दाजींचे 10 होते, 9, आणि तो लाल टेपवाला. जुळलं. ताईनं तोपर्यंत मसुराची आमटी आणि भाकरी वाढलेली. माझी दोरी उतरवली, धनुष्य पडवीत दोन खुंट्यांवर आडवं टांगलं, दाजींची पेटी त्याच्या खालीच.